सुवार्ताचा मोगऱ्याचा झगा

टेकडीखालच्या चर्चशेजारी, गळक्या छपराच्या खोपटात सुवार्ता राहायची. घरात आई, धाकटा दानी आणि कधी भाकरी, कधी नुसतं पाणी. तरी चिमण्यांना तुकडा टाकल्याशिवाय ही बया जेवायची नाही!

एके सकाळी दानी तापानं फणफणला. चर्चचे पाळकसाहेब लग्न लावायला शेजारगावी गेलेले. औषध आणते आणि प्रार्थनेला साहेबांनाही आणते, असं सांगून आई तिकडे धावली. दुपार झाली तरी तिचा पत्ता नाही. सुवार्ता चर्चच्या बागेत गेली आणि मोगऱ्यापाशी बसून रडू लागली.

तोच मोगऱ्यातून टीचभर परी उतरली. पंख निळे-जांभळे, केसांत दवाचे चिमुकले मणी. काय हवं, असं तिनं विचारलं. सुवार्तानं पाळकसाहेबांसारखा पांढरा झगा मागितला. झग्यावाचून आपली प्रार्थना कोण ऐकणार, असं तिला वाटत होतं.

परी गालात हसली. पाकळ्या भिरभिरल्या आणि सुवार्ताच्या अंगावर लखलखता झगा आला.

"एकच अट, सोनुले. याला पाणी लागलं की हा गेलाच. दुसरा मिळायचा नाही."

सुवार्ता झगा सावरत घरी आली. दानीचं कपाळ नुसतं भाजत होतं. पाण्याची पट्टी ठेवावी, तर घरात धड फडकं नाही.

"ताई, डोकं," दानी कण्हला.

सुवार्तानं बाही हातात धरली. झगा गेला तर प्रार्थना कशी करायची? पण दानीकडे बघवेना. गेला तर गेला, म्हणत तिनं बाही मडक्यात बुडवली. कपाळावर ठेवताच बाहीच्या गार पाकळ्या झाल्या. मग दुसरी बाही, मग घेर. शेवटी ती आपल्या विटक्या फ्रॉकवर उरली. तसाच तिनं दानीच्या डोक्यावर हात ठेवला.

"देवा, झगा नाही माझ्याकडे. पण हा माझा भाऊ आहे. याला बरं कर."

दिवेलागणीला दानीला घाम फुटला आणि त्यानं भाकरी मागितली. तेवढ्यात आई पाळकसाहेबांना घेऊन पोचली. सगळं ऐकून साहेब तिथंच जमिनीवर बसले.

"बाळा, आता माझ्यासाठी प्रार्थना कर. मी सगळ्यांसाठी करतो, माझ्यासाठी कुणी करत नाही."

"पण झगा गेला माझा."

खिडकीत परी चमकली. "तो तुझ्या समाधानासाठी होता. दुसऱ्याला प्रार्थनेतून देवापुढे न्यायचं काम बाप्तिस्म्याच्या दिवशीच तुला मिळालंय. आईलाही."

खोपटभर सोनेरी उजेड पसरला आणि त्यात परी विरून गेली. पाळकसाहेबांनी मान खाली घातली. आईनं पदर सावरला, सुवार्तानं फ्रॉकला हात पुसला आणि दोघींनी आपापले हात साहेबांच्या डोक्यावर ठेवले.