दुहेरी भोपळा

डोंगर उतरून नदी जिथे संथ होते, तिथल्या जंगलात एक पाणमांजर राहत असे. वेताचा तराफा ओढून ते अलीकडचा माल पलीकडे पोहोचवी. अलीकडे एक कोल्हा बिब्ब्याचे तेल काढी आणि पलीकडची अस्वले ते पायांच्या भेगांना लावीत. बिब्ब्याचे तेल मोठे जहाल; नाजूक कातडीला लागले की उतून फोड आलेच म्हणून समजा. त्यामुळे घाटावर देखरेख ठेवणाऱ्या म्हाताऱ्या कासवाचा नियम होता, की तेलाने भरलेला वाळका, पोकळ भोपळा दुसऱ्या मोठ्या भोपळ्यात बसवूनच न्यायचा.

एका वर्षी थंडी कडाक्याची पडली आणि तेलाची मागणी वाढली. कोल्हा म्हणाला, "बाहेरचे भोपळे काढून टाक. एका खेपेत दुप्पट तेल जाईल आणि तू पिलांबरोबर उन्हात लोळायला मोकळा."

"पण कासवदादा?"

"त्यांचं काय घेऊन बसलास! इतकी वर्षं तेल नेतोस, कधी थेंब तरी सांडला का?"

पाणमांजराने आठवून पाहिले. खरेच, कधीच सांडला नव्हता. त्याने भोपळ्यांवर पाने पसरली आणि कासवाने विचारल्यावर, "सगळं नियमाप्रमाणे आहे, दादा," असे बेधडक सांगितले.

काही खेपा सुखरूप झाल्या. मग एके दुपारी भर प्रवाहात तराफा बुडालेल्या ओंडक्यावर आदळला. असे धक्के पूर्वीही बसत. तेव्हा बाहेरचा भोपळा तडके, आतला शाबूत राही, आणि पाणमांजर तडकलेला फेकून नवा घेई. त्यावर त्याने कधी विचारच केला नव्हता. आज मात्र काळे तेल थेट पाण्यात उतरले. त्याने पंजांनी चीर दाबून धरली. पंजे भाजल्यासारखे झाले, पण तेल थांबेना. प्रवाह त्याच्याच बिळाकडे वाहत होता.

"पाण्याबाहेर या! लवकर बाहेर या!" ते ओरडत पोहत सुटले. दोन पिले काठावर चढली. तिसऱ्या, धाकट्या पिलाला मात्र तो खेळ वाटला. त्याने बुडी मारली. पिलू वर आले तेव्हा त्याचे डोळे सुजून मिटले होते. ते पुन्हा उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काठाला मेलेल्या मासळीचा खच पडला. "तराफा काही माझा नव्हता," असे म्हणून कोल्हा दुसऱ्या डोंगरावर निघून गेला. पाणमांजर कासवापुढे जाऊन उभे राहिले. "दादा, मी खोटं बोललो. हे पाणी निवळेल ना?"

"पाणी निवळेल," कासव म्हणाले. "पिलाला मात्र आता तुझ्या आवाजावरच चालावं लागेल. त्याला सोडून लांब जाऊ नकोस."

तात्पर्य : नियम पाळल्यामुळे जे संकट टळत राहते, ते मुळात नव्हतेच असे समजू नये.