एका जुम्म्याचा उशीर

बहादरपेठेची जामा मशीद तापीच्या काठी, किल्ल्याच्या दरवाजासमोर उभी आहे. काळ्या दगडाची, बुटक्या मिनारांची. शुक्रवारी, जुम्म्याच्या दुपारी खतीब मिंबर नावाच्या उंच आसनाच्या पायऱ्या चढून खुतबा, म्हणजे नमाजाआधीचे प्रवचन, वाचतात. वाचता वाचता एका जागी थांबतात. चार-पाच श्वास सारी मशीद गप्प असते. मग ते पुढे वाचू लागतात. पाहुण्यांना वाटते, ओळ विसरली असेल. तेव्हा मशिदीची देखभाल करणारे बशीर मास्तर त्यांना हौदाकाठी बसवून घेतात आणि सांगतात ते असे.

पूर्वी त्या जागी राज्यकर्त्याचे नाव घेत. किल्ला कोणाच्याही हाती असो, खुतब्यात ज्याचे नाव येई त्यालाच शहर आपला धनी मानी. त्या काळी सदरुद्दीन नावाचे खतीब होते. किल्लेदाराच्या दोन्ही मुलांना, थोरल्या कमालखानाला आणि धाकट्या दिलावरखानाला, त्यांनीच अक्षरे गिरवायला शिकवली होती.

किल्लेदार वारला तेव्हा कमालखान बाहेरगावी होता. तो परतेपर्यंत दिलावरने किल्ला बळकावला. कमालखानाने मशिदीत आसरा घेतला. मशिदीत शिरून हत्यार चालवायची दिलावरची छाती होईना, आणि खुतब्यात नाव आल्यावाचून शहर त्याला मानेना. त्याने वेशी बंद केल्या. तेरा दिवस बाजार उघडला नाही, असे सांगतात. मुसलमान मोमिनांचे आणि हिंदू कोष्ट्यांचे, सगळ्याच विणकरांचे माग थंडावले. लेकरांच्या वाट्याला पेजही येईना.

चौदावा दिवस जुम्म्याचा होता. सकाळीच दिलावर अनवाणी खतिबांच्या दारी आला म्हणे.

"उस्ताद, आज माझं नाव वाचा. वेशी उघडतो. भाईजानला माझी माणसं सोबत देऊन बऱ्हाणपूरला सुखरूप पोचवतो."

"शब्द देतोस?"

"भावाच्या केसालाही धक्का लागणार नाही."

सदरुद्दीनांनी उंबऱ्यातूनच त्याचे डोळे निरखले. लहानपणी हा पोर खोटे बोलला की खाली बघायचा. आज तो सरळ त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी मान डोलावली.

दुपारी कमालखान पहिल्या रांगेत बसला होता. दिलावरचे नाव घेतले गेले तेव्हा तो हलला नाही. नमाज झाल्यावर त्याने उस्तादांचा हात हाती घेतला.

"तुम्ही वाचलंत, म्हणजे विचार करूनच वाचलं असेल. निघतो मी."

वेशीपासून हाकेच्या अंतरावर त्याला ठार मारले. सोबत दिलेल्या माणसांनीच.

सदरुद्दीन तसेच किल्ल्यावर गेले. "तू शब्द दिला होतास," एवढेच त्यांच्या तोंडून निघाले.

"भावाबद्दल दिला होता," दिलावर म्हणाला. "खुतब्यात माझं नाव आलं आणि तो बंडखोर झाला. त्याला बंडखोर तुम्ही केलंत, उस्ताद."

खतीब घरी परतले. आठवडाभर त्यांनी घर सोडले नाही. पुढच्या जुम्म्याला मिंबर चढले, नावापर्यंत आले आणि थांबले. समोर दिलावर बसला होता.

"वाचा."

"एकदा वाचलं," सदरुद्दीन म्हणाले, आणि नाव गाळून पुढे वाचू लागले.

शिपाई पुढे सरसावले तशी सगळी जमात उठून उभी राहिली. दाराबाहेर कोष्टी उभे होते. त्या दिवशी कोणाला हात लावता आला नाही. पण दिलावरने पुढे सदरुद्दीनांना शहराबाहेर काढले आणि दुसरा खतीब आणवला. असे सांगतात, की त्या जागी येताच समोरचे चेहरे पाहून त्याचाही आवाज फुटला नाही. मग किल्लेदार आले आणि गेले, पण खुतब्यात नाव कोणाचेच आले नाही.

सदरुद्दीन नदीपलीकडच्या वाडीत अकरा वर्षे जगले. लोक हाताचे चुंबन घ्यायला येत, तेव्हा ते हात मागे घेत.

"मी एक जुम्मा उशिरा गप्प बसलो. त्यात बहादुरी कसली?"

आजही निवडणूक जवळ आली की सगळ्या पक्षांचे उमेदवार हार घेऊन मशिदीत येतात. बशीर मास्तर सगळ्यांना चहा पाजतात. दर वेळी एखादा तरी हळूच विचारतो, "नुसतं नाव तर घ्यायचंय, मास्तर. त्यात काय बिघडतं?"

"सदरुद्दीनांनाही असंच वाटलं होतं," मास्तर म्हणतात, आणि त्याचा रिकामा कप उचलून घेतात.