हातोड्याची उसळी

फार मागे डोंगरपायथ्याच्या एका गावात रखमाजी नावाचा म्हातारा लोहार होता. एकदा त्याचा हातोडा रागाने ऐरणीवर उसळला, "दर घावाला तू मला मागे ढकलतेस. घटकाभर टेकू देत नाहीस!"

"मी ढकलत नाही. तू उसळतोस," ऐरण म्हणाली.

"म्हणजे मी चिडका?"

"आत्ता उसळलास तो रागानं. घाव घालून उसळतोस ते वेगळं."

हातोड्याला ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रखमाजी गोठ्यासाठी लाकडी खुंट ठोकायला गेला. खुंटावर हातोडा पडला की तिथेच बसे. त्याला बरं वाटलं. पण प्रत्येक वेळी त्याचं सगळं वजन म्हाताऱ्यालाच उचलावं लागत होतं. विसाव्या घावाला रखमाजी मटकन खाली बसला. "हातोडा जड झालाय. आता माझ्यानं उचलवत नाही. मोडीत घालतो आणि हलका घेतो," तो म्हणाला.

हातोडा घाबरला.

तिसऱ्या दिवशी एक विळा घडवायचाच होता. रखमाजीने हातोडा नाइलाजाने हाती घेतला आणि ऐरणीवर घाव घातला. हातोडा उसळला. म्हाताऱ्याने उचलण्याआधीच तो अर्ध्यावर आला होता. संध्याकाळपर्यंत दोन विळे झाले.

"आज हलका लागला बुवा," रखमाजी म्हणाला.