सुभेदाराने चिकटवलेलं फूल

एकदा काय झालं, एका राजाच्या पालखीपुढे दिवटी धरणारा एक गडी होता. त्याचं नाव हैबती. राजा बसलाय पालखीत, आणि हा पुढे चालतोय हातात जाळ घेऊन. ए, पांघरुणात पाय घ्या आधी. घेतले? हं.

तर एकदा जंगलात वाघ आडवा आला. भोई पालखी टाकून पळाले, भालदार पळाले, सगळे पळाले. हैबती तेवढा उभा राहिला. वाघाच्या नाकासमोर दिवटी नाचवली, आणि वाघ शेपूट घालून गेला निघून. राजाने खूश होऊन त्याला गडाच्या दरवाजाचा राखणदार केलं. मग तिथे एके दिवशी दरवाजे बंद झाल्यावर राजाचा मेहुणा आला. धडाधडा लाथा मारायला लागला. हैबती आतून म्हणाला, "सकाळी या." नाही उघडलं म्हणजे नाही उघडलं! राजा पोट धरधरून हसला आणि त्याला ठाणेदार केलं. मग ठाण्यात दोन गावं ओढ्याच्या पाण्यावरून हमरीतुमरीवर आली. हैबतीने दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एका पंगतीला बसवलं, पोटभर जेवू घातलं, आणि मगच भांडण ऐकलं. भरल्या पोटी कोण भांडतंय? मिटलं. राजाने त्याला थेट सुभेदार केलं. हैबतीचे हैबतराव झाले, बरं का!

प्रांत मिळाला तो डोंगरापलीकडचा, समुद्राकाठचा. माडांचा, फणसांचा. त्या प्रांताची एक रीत होती. राजाने सुभेदार धाडला तरी तिथली देवी खोरजाई वर्षातून एकदा कौल द्यायची. सुभेदाराने सगळ्यांसमोर देवीच्या उजव्या अंगाला एक फूल आणि डाव्या अंगाला एक फूल पाण्याने चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर राहा बाबा. डावं आधी पडलं तर पगडी ठेवायची आणि निघायचं. राजाचंही तिथे काही चालत नसे.

पहिल्या वर्षी उजवं पडलं. दुसऱ्या वर्षीही उजवं. पण मग सुभेदाराला गादी मऊ लागायला लागली. आधी गावोगाव पायी फिरायचा, आता मेण्यातून जायचा, तोही पडदा लावून. लोकांना शब्द दिला होता की खाडीला बांध घालीन, भातात खारं पाणी शिरू देणार नाही. बांध काही झाला नाही, वाडा मात्र दुमजली झाला. माणूस वाईट नव्हता हो. सुस्तावला होता.

तिसऱ्या वर्षी कौलाचा दिवस आला, आणि तो डोक्यावरची पगडी चाचपत बसला. ही पगडी गेली तर? परत दिवटी धरायची? मग त्याने काय केलं असेल? डाव्या फुलाला पाणी लावायच्या ऐवजी गुपचूप फणसाचा चीक लावला! फणसाचा चीक म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? गेल्या साली तुझ्या केसात अडकला होता, केवढं भोकाड पसरलंस!

फुलं लागली. लोक बसले वाट बघत. डावं पडेना. ते कुठलं पडणार! पण उजवंही पडेना. ऊन कललं तरी पडेना. देवी म्हणाली असेल, माझं एक फूल पडू देत नाहीस ना? मग आता काहीच पडायचं नाही.

आणि खरंच पडेना. माडावरचे नारळ पडेनात. पोरांनी आंब्यावर दगड मारले, ते वरच राहिले लटकत. पोरांना गंमत वाटली, अजून मारले! मग बायका गाई पिळायला बसल्या, तर दुधाची धार निघाली आणि हवेतच लोंबकळली. खाली चरवी कोरडी. आता तेव्हा माणसं कशी चालत होती, हे विचारू नका. गोष्टीत असले फाटे फोडायचे नसतात.

पण तिसरं झालं ते फार वाईट. माणसांच्या पापण्या पडेनात. सगळा प्रांत टक्क उघड्या डोळ्यांनी आढ्याकडे बघत पडलेला. सुभेदाराने देवीला चांदीचं छत्र वाहिलं, ढोल वाजवले, नैवेद्य दाखवला. काही उपयोग नाही.

सुभेदाराची एक लेक होती, म्हाळसा. एवढीशी, तुमच्याएवढीच. तिचे डोळे लाल झाले, अंग तापलं. आईच्या खांद्यावरून ती म्हणाली, "आबा, तुम्ही सुभेदार ना? मग मला झोप द्या ना."

त्या बापाचं काळीज तुटलं हो. त्याची बायको भिवराबाई त्याच्या हातांकडे बघत होती. बोटांवर चिकाचे काळे डाग होते. तिने ओळखलंच होतं. ओरडली नाही की रडली नाही. खोबरेल तेलाची वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "चला. मी येते बरोबर."

मेणा नाही, पडदा नाही. लेकीला खांद्यावर घेऊन सुभेदार पायी देवळात गेला. मागे सगळी गावं. देवीपुढे उभा राहून तो मोठ्याने म्हणाला, "आई, मीच चिकटवलं. भ्यालो होतो मी." म्हातारा गुरव म्हणाला, "सरकार, बोललात ते बरं केलंत. आता नीट लावा."

त्याने तेल चोळून चीक काढला. ताजी फुलं घेतली, पाण्यात बुडवली आणि लावली. मनात म्हणत होता, आई, माझं काहीही होऊ दे, पोरीला झोपव.

टप्.

डावं पडलं.

आणि मग काय! नारळ धपाधप पडले, दुधाच्या धारा चरव्यांत पडल्या, लटकलेले दगड ज्याचे त्याच्या पाठीत बसले! आणि पापण्या पडल्या. गुरव घंटेची दोरी धरून झोपला, पाटील पाटलिणीच्या खांद्यावर झोपले. सुभेदार खांबाला टेकून झोपला, आणि मांडीवर म्हाळसा घोरत होती.

जाग आल्यावर त्याने पगडी देवीपुढे ठेवली. रीत म्हणजे रीत. पण प्रांत सोडून गेला नाही. बोडक्या डोक्याने खाडीवर गेला आणि बांधाचा पहिला दगड स्वतः उचलला. ते बघून पाटील आले, गुरव आला, मग सगळीच आली. बांध झाला. भात गोड पिकलं.

राजाला हे कळलं. त्याने निरोप धाडला, "हैबतराव, गडावर या. याहून मोठा प्रांत देतो."

हैबती चिखलाचे हात धूत होता. तो म्हणाला, "महाराजांना मुजरा सांगा. म्हणावं, मी येत नाही. इथे मला झोप चांगली लागते."

मग हैबती, भिवराबाई आणि म्हाळसा तिथेच सुखाने राहिली, भात खाऊन, मासे खाऊन. आता कोण अजून टक्क बघतंय रे? मिटा डोळे. खोरजाई बघतेय हं.