पाटलाचं नाक आणि भोपळ्याचं फूल

फार जुनी गोष्ट आहे, पण माणसं तेव्हाही आजच्याइतकीच न ऐकणारी होती.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथे भोपळा उदंड पिके. उन्हाळ्यात रानात काही उरलं नाही, की घराघरात साठवलेल्या भोपळ्यांवरच गाव जगे. गावाबाहेरच्या उंबरावर मधमाश्यांची मोहोळं होती. रानबा नावाचा म्हातारा त्यांतला थोडा मध काढी आणि बाकीचा माश्यांसाठी ठेवी.

एके दिवशी एक माशी पाटलाच्या नाकाला डसली. नाक वांग्यासारखं सुजलं. पाटलाने तडक पलिते पेटवायला सांगितले.

"पाटील, माशी गेली तर वेलाला भोपळा धरायचा नाही," रानबा कळवळून म्हणाला.

"भोपळा वेलाला लागतो, माशीला नाही," पाटील म्हणाला, आणि सगळा गाव हसला. मोहोळं जळाली.

पुढच्या वर्षी वेल फुलांनी पिवळे झाले, पण फळ लिंबाएवढं होई आणि कुजून गळे. कुणी बियाण्याला नावं ठेवली, कुणी वेलांची दृष्ट काढली. रानबाने पुन्हा सांगितलं, पुन्हा कुणी ऐकलं नाही. उलट पाटलाने मळ्यात मोठा होम केला. तीन दिवस एवढा धूर झाला, की चुकूनमाकून आलेल्या चार माश्याही पळाल्या. रानबाने कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी वैतागून तो पाटलाला वेलापाशी घेऊन गेला. त्याने एक नर फूल तोडलं आणि त्यातला पराग मादी फुलात चोळला. आठवड्याभरात अख्ख्या वेलावर तेवढाच एक भोपळा धरला.

"हे काम माशी करायची," रानबा म्हणाला. "आता तुम्ही करा."

मग काय, भुकेपुढे पाटीलकी कसली? पहाटेपासून अख्खं गाव फुलाफुलाशी वाकू लागलं. ऊन चढलं की फुलं मिटत, आणि निम्मा मळा तसाच राही. त्या उन्हाळ्यात गावाने अर्धपोटी दिवस काढले. पाटलाने रानबाला माश्या परत आणायला सांगितलं.

"जाळायला तुम्ही होता, आता बोलवायला मी कोण? उंबर राखा, धूर बंद करा आणि वाट बघा."

तिसऱ्या वर्षी उंबरावर तळहाताएवढं एक मोहोळ लागलं. त्याच हंगामात पाटलाच्या नाकाला पुन्हा माशी डसली. पाटील नाकाला चुना लावून मुकाट घरी गेला.

तात्पर्य: ज्याचा डंख तेवढा लक्षात राहतो आणि कष्ट दिसत नाहीत, त्याचं काम एक दिवस आपल्याच कंबरेवर येऊन पडतं.