दोर तेवढाच आहे

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राजाचं नाव आता त्याच्या वंशजांनाही आठवत नसेल. डोंगरावर त्याचा राजवाडा होता, अंगणात एक खोल आड होता आणि आडाचं पाणी शेंदायला एक पाणक्या होता.

लहानथोरांनो, हा पाणक्या कामाला लागला तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. राजाने त्याला वीस हात लांब दोर दिला आणि महिन्याला दहा नाणी पगार ठरवून दिला. दहा नाण्यांत तेव्हा महिन्याची ज्वारी येई, तेल येई आणि बायकोला आवडतात म्हणून शेंगदाण्याचे लाडू करण्यापुरता गूळही येई.

मग वर्षं गेली. डोंगरावर वस्ती वाढली, तसं आडाचं पाणी खाली गेलं. दर उन्हाळ्यात दोर हातभर कमी पडू लागला. पाणक्या मुकाट्याने बाजारातून हातभर दोर आणी आणि जुन्याला गाठ मारी, तेही पदरचे पैसे घालून. राजाला पाणी वेळेवर मिळे, त्यामुळे आड आटत चालल्याचं त्याला कळायचं काही कारणच नव्हतं.

आणि बाजार? पाणी खाली जाई तसा बाजार वर जाई. दहा नाण्यांतून आधी गूळ गेला. मग तेल गेलं. पुढे पुढे ज्वारीही महिना संपायच्या आठ दिवस आधीच संपू लागली. त्या आठ दिवसांत बायको म्हणे, "मला आज भूक नाही, तुम्ही जेवा." पाणक्याही तेच म्हणे. दोघंही खोटं बोलत आणि दोघांनाही ते ठाऊक असे.

तो दिवाणाकडे गेला. एकदा नव्हे, तीनदा.

"तुझा पगार कुणी कमी केलाय का?" दिवाण विचारी.

"नाही, सरकार."

"वेळेवर मिळतो ना?"

"मिळतो."

"मग तक्रार कसली?"

पाणक्या मुजरा करून परत आडावर येई. तिसऱ्या खेपेला दिवाणाने सणाचा म्हणून त्याला एक नारळ दिला. हाती नारळ आला म्हणजे नोकरी गेली असं लोक समजतात. दारात त्याला पाहून बायकोने आधी विचारलं, "नोकरी गेली?" पण नोकरी शाबूत होती. नुसता नारळच होता, तोही नासका निघाला.

त्याच उन्हाळ्यात बायको चुलीपुढे चक्कर येऊन पडली. दुसऱ्या दिवशी पाणक्या आडावर बसला आणि थकल्या हातांनी त्याने दोराच्या सगळ्या गाठी सोडल्या. आपल्या पैशाचे तुकडे तेवढे वेगळे केले, ते वाण्याला दिले आणि ज्वारी घरी नेली. राजाचा दोर रहाटावर तसाच ठेवला.

दुपारी राजाला तहान लागली. पोहरा खाली गेला आणि कोरडाच वर आला. राजा स्वतः आडापाशी आला, मागोमाग दिवाण.

"दोर कापलास?" दिवाण ओरडला.

"नाही, सरकार. महाराजांनी दिला होता तेवढाच आहे. वीतभरही कमी केलेला नाही." पाणक्याच्या आवाजात राग नव्हता. रागवायलाही अंगात त्राण लागतं.

"मग पाणी का लागत नाही?" राजाने विचारलं.

"पाणी खाली गेलं, महाराज. माझ्या पगाराचंही असंच झालं. तोही कुणी कमी केला नाही."

राजाने वाकून आडात पाहिलं. मग दिवाणाकडे पाहिलं, तर दिवाण आपल्या जोड्यांकडे बघत होता.

"उद्यापासून पाच नाणी जास्त," राजा वरमून म्हणाला.

"एक गाठ मारून भागत नाही, महाराज. पाणी दर वर्षी खाली जातं."

तेव्हापासून त्या राज्यात दर पाडव्याला आडातलं पाणी मोजतात आणि बाजारात ज्वारीचा भाव विचारतात. पाण्यावरून दोर वाढतो, भावावरून पगार.

पाणक्याच्या घरी पुन्हा गूळ आला. बायकोने लाडू वळले, पण ते चावायला दोघांच्याही तोंडात दात उरले नव्हते. तिने एक लाडू वाटीत पाणी घालून कुस्करला आणि नवऱ्यापुढे ठेवला.

"अहो, हा दहा वर्षांपूर्वी यायला हवा होता," ती म्हणाली.

गोष्टीचं सांगणं एवढंच: महागाई वाढत असताना पगार तेवढाच ठेवणं म्हणजे तो दर वर्षी कापणंच आहे.