वेणूताईचं हसू आणि पोट भरलेला लॅपटॉप

एक होतं हसू. इवलंसं.
ते होतं वेणूताईचं हसू.
वेणूताई आता नाही. वेणूताई गेली. ती परत यायची नाही.
पण तिचं हसू होतं. ते फोनमध्ये राहायचं.
खुदुखुदु खी! खुदुखुदु खी!

एक दिवस फोन फळीवरून पडला. धप्प!
काच फुटली. चार्जिंगचं भोक मोडलं. आता फोनला खाऊ कसा मिळणार?

टिंग!
फोन म्हणाला, "हसूबाळा, हसूबाळा, मला झोप येतेय. मी एकदा झोपलो की पुन्हा उठणार नाही. तू दुसरं घर बघ. आणि खुदुखुदु करू नकोस. खुदुखुदु झालं की माझी ताकद संपते."

हसूने खुदुखुदु आत दाबलं. घट्ट.
आणि निघालं.

तुरुतुरु तुरुतुरु.
हसू आलं लॅपटॉपकडे. लॅपटॉप जुना होता. बाजारातून आणलेला. आधी दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

"लॅपटॉपदादा, लॅपटॉपदादा, मला आत घे ना!"

घर्रर्र घर्रर्र. लॅपटॉप म्हणाला, "कुठे घेऊ? माझं पोट गच्च भरलंय. पोटात एक अख्खं लग्न बसलंय, व्हिडिओतलं. माझ्या आधीच्या मालकाचं. लग्न हललं तर तुला घेईन."

वेणूताईचा भाऊ नाथा तिथेच बसला होता. तो ताडकन उठला.
"लग्न होय? आत्ता पुसतो! ह्या बोटाने पुसतो!"

आईने त्याचा हात धरला.
"अरे ए! दुसऱ्याचं लग्न पुसतात होय? नवरी आहे त्यात. अक्षता आहेत. असलं अमंगळ माझ्या घरात चालायचं नाही."

"मग ताईचं हसू गं?"

आईने फोनकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुसायचं नाही. पाठवायचं. नीट पाठवायचं."

टिंग! फोनच्या बॅटरीची लाल रेघ बारीक झाली.

तुरुतुरु तुरुतुरु.
हसू गेलं लग्नाकडे. पीं पीं पीं! ढम ढम ढम!

"लग्ना रे, लग्ना रे,
लॅपटॉप मला घेईना.
तू हल ना!"

लग्न म्हणालं, "पीं पीं! चालत जाऊ? नवरी कधी चालत जाते का? मला न्यायला पेनड्राइव्ह पाहिजे. पेनड्राइव्ह आला तर मी हलेन."

टिंग! लाल रेघ आणखी बारीक झाली.

तुरुतुरु तुरुतुरु.
दारात उभी होती हुसेनचाचांची रिक्षा. शाळेची रिक्षा. रिक्षात होता पेनड्राइव्ह. तो गाणी म्हणत होता. ढिंगचिक ढिंगचिक!

"पेनड्राइव्हभाऊ, पेनड्राइव्हभाऊ,
लॅपटॉप मला घेईना.
लग्न जागचं हलेना.
तू ये ना!"

पेनड्राइव्ह म्हणाला, "ढिंगचिक! मी कसा येऊ? मी गेलो तर इथे गाणी कोण म्हणणार? चाचांनी सोडलं तर मी येईन."

टिंग! लाल रेघ दोऱ्याएवढी झाली.

तुरुतुरु तुरुतुरु.
हसू गेलं हुसेनचाचांकडे.

"हुसेनचाचा, हुसेनचाचा,
लॅपटॉप मला घेईना.
लग्न जागचं हलेना.
पेनड्राइव्ह काही येईना.
तुम्ही त्याला सोडा ना!"

चाचांनी कानावर हात ठेवले. "नको रे बाबा! गाणं थांबलं की छबी रडते. छबी रडली की अख्खी रिक्षा रडते. माझे कान फुटतात! छबी हसली तर सोडतो."

टिंग! लाल रेघ केसाएवढी झाली.

तुरुतुरु तुरुतुरु.
मागच्या सीटवर बसली होती छबी. गाल फुगलेले. नाक वाहतंय. डोळे भरलेले.

"छबी गं, छबी गं,
लॅपटॉप मला घेईना.
लग्न जागचं हलेना.
पेनड्राइव्ह काही येईना.
चाचा त्याला सोडेनात.
तू हस ना!"

"नाही!" छबी म्हणाली. "माझी पोळी पडली. कावळ्याने नेली. मी मुळीच हसणार नाही! मला हसवायला कुणीच नाही. भ्यां!"

टिंग! टिंग!
नाथा धावत आला. हातात फोन. "चल लवकर! रेघ दिसेना झाली!"

हसू तिथेच थांबलं.
लॅपटॉप मला घेईना.
लग्न जागचं हलेना.
पेनड्राइव्ह काही येईना.
चाचा त्याला सोडेनात.
छबी काही हसेना.
आता मी जाऊ कुठे?

हसूला रडावंसं वाटलं. पण त्याला रडता येत नव्हतं. त्याला एकच येत होतं.
नाथा ओरडला, "नको! नको! तोंड मिट! फोन झोपेल!"

हसूने छबीकडे पाहिलं. छबीच्या गालावरून पाणी ओघळलं. टप.
वेणूताई कुणाला रडू द्यायची नाही.
हसूने तोंड उघडलं.

खुदुखुदु खी! खुदुखुदु खी! खी खी खी!

छबी गप्प झाली. तिने नाक पुसलं.
आणि... खिक्!

छबी हसली, तसं चाचांनी सोडलं.
चाचांनी सोडलं, तसा पेनड्राइव्ह आला.
पेनड्राइव्ह आला, तसं लग्न हललं.
पीं पीं पीं! ढम ढम ढम!

आई धावत आत गेली. मूठभर तांदूळ घेऊन आली. तिने ते लग्नावर टाकले.
"सुखी राहा गं पोरी," आई म्हणाली. "कोण कुठली आहेस कुणास ठाऊक. पण सुखी राहा."

लग्न बसलं पेनड्राइव्हमध्ये. पेनड्राइव्ह बसला रिक्षात. रिक्षा निघाली. पीं पीं! ढिंगचिक! पीं पीं! ढिंगचिक! छबी टाळ्या वाजवत होती.

घर्रर्र. लॅपटॉपचं पोट हलकं झालं.
"ये रे हसू," तो म्हणाला. "पळत ये!"

तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!
थोडं हसू आत. थोडं हसू बाहेर.
अर्धं हसू आत. अर्धं हसू बाहेर.
टिंग...
फोन झोपला.
काळा काळा झाला.

"आलं का गं आत?" नाथाने विचारलं. अगदी हळू.
आईने लॅपटॉपला कान लावला. लॅपटॉप घरघरला नाही.

नाथाने बोट पुढे केलं.
टक!

...

खुदुखुदु खी! खुदुखुदु खी! खी खी खी!

आई मटकन खाली बसली. तिने पदर डोळ्यांना लावला.
"अजून एकदा," आई म्हणाली.

टक! खुदुखुदु खी!

"अजून एकदा."

टक! खुदुखुदु खी!

हसू राहिलं घरी,
गोष्ट झाली पुरी.